नाव विचारा, साहेब

हसायचं नाही, या अटीवर सांगतो. माझ्या हातून झालेले घोटाळे काही थोडेथोडके नाहीत, पण बाकीचे सगळे घरातल्या घरात मिटले. हा एकच असा, की थेट विधान परिषदेत जाऊन पोचला. आणि तिथं त्याला पाठवला कुणी? मीच. चहा घ्या तुम्ही, गार होईल.

आम्ही धारवाडला मळमड्डीत राहतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी शिक्षण खात्याच्या जिल्हा कार्यालयात कारकून. शाळांच्या इमारतींचं टेबल माझ्याकडं. आमची मंगल उणकलच्या सरकारी हायस्कुलात विज्ञान शिकवते. एकाच खात्याचे दोघं, पण घरी खात्याचा विषय निघाला की ती बोलते आणि मी ऐकतो, अशी कामाची वाटणी ठरलेली आहे.

तर तिच्या शाळेत एक खोली. कागदावर प्रयोगशाळा, प्रत्यक्षात दाराला कुलूप. ती बदलून तिथं गेली त्याच्याही आधीचं कुलूप. हेडमास्तरांना विचारलं की ते बोट वर करून म्हणायचे, "वरनं ऑर्डर आहे, बाई." वर म्हणजे नेमकं कुठं, हे त्यांनाही माहीत नव्हतं. त्यामुळं मंगल भाजीच्या पिशवीत परीक्षानळ्या आणि स्पिरिटचा दिवा घालून रोज उणकलला जायची आणि व्हरांड्यात प्रयोग करायची. शेजारच्या तळ्यावरनं वारा आला की दिवा विझायचा. मग मुलं विचारायची, "टीचर, हा पण प्रयोगातच आहे काय?" संध्याकाळी घरी येऊन ती हे सांगायची तेव्हा तिचा आवाज कापायचा. दहावीच्या मुलांना एकदा तरी धड टेबलावर प्रयोग करायला मिळावा, एवढंच तिचं मागणं होतं.

आता आमच्या आमदारांबद्दल सांगायला हवं. विधान परिषदेत काही आमदार नुसत्या शिक्षकांच्या मतांवर निवडून येतात. हायस्कूल आणि त्यावरच्या शिक्षकांना मत. म्हणजे मंगलला मत आहे, मला नाही. असा आमदार मतदाराच्या घरी मुंजीला येतो, बारशाला येतो, गुडघ्याचं ऑपरेशन झालं तर दवाखान्यात मोसंबी घेऊन येतो. बेळगावचं हिवाळी अधिवेशन जवळ आलं तसे हे साहेब शिक्षकांच्या घरोघर फिरून गाऱ्हाणी गोळा करत होते. फिरत फिरत ते आमच्याकडं आले.

"काय अक्का, शाळा काय म्हणते?" त्यांनी कन्नड हेलाच्या मराठीत विचारलं.

मंगलनं खोलीचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हौद्री, होय, पत्र देतो की खात्याला." इथं गोष्ट संपली असती. पण मी तोंड उघडलं. मला कुणी विचारलेलं नव्हतं, हे लक्षात ठेवा.

"पत्रानं काही व्हायचं नाही, साहेब," मी म्हणालो. "मी आतला माणूस आहे. पत्र आलं की आम्ही त्याला नंबर घालतो आणि झोपवतो. सभागृहात प्रश्न टाका. मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागेल असा."

"टाकू की."

"आणि नाव विचारा. ही खोली कुठल्या शहाण्यानं अडवून ठेवलीय, त्याचं नाव, हुद्दा, सगळं. नाव घेतल्याशिवाय ही माणसं जागची हलत नाहीत."

साहेब खूश झाले. मंगल माझ्याकडं बघत राहिली. लग्नानंतर इतक्या कौतुकानं तिनं मला कधी बघितलं नसेल. तिनं माझ्या बशीत न मागता आणखी अवलक्की, म्हणजे आपले पोहे, घातली आणि मी साहेबांना फाटकापर्यंत पोचवताना पुन्हा बजावलं, "नाव विचारा, साहेब."

अधिवेशन सुरू झालं. त्या दिवसांत आमच्या कार्यालयात कुणी सरळ चालत नाही, सगळे पळतात. कारण सभागृहातला प्रश्न मंत्र्यांकडं जातो खरा, पण मंत्र्यांना थोडंच ठाऊक असतं? ते सचिवांना विचारतात, सचिव आयुक्तांना, आयुक्त जिल्ह्याला. असा उतरत उतरत तो ज्याच्या खाली कुणीच नाही अशा माणसाच्या टेबलावर येऊन थांबतो. आमच्या अधिकारी मॅडमनी कागद माझ्यापुढं ठेवला.

"कागलकर, तुमच्या टेबलाचं आहे. संध्याकाळपर्यंत उत्तर पाहिजे."

वाचतो तर काय, माझीच वाक्यं कन्नडमध्ये. खोली बंद असल्याचं सरकारच्या लक्षात आलं आहे काय? ती कुणाच्या ताब्यात आहे? त्या कर्मचाऱ्याचं नाव व हुद्दा काय? अंगावर मूठभर मांस चढलं बघा. मीच विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मीच लिहायचं, हे थोडं विचित्र वाटलं, पण आपण मात्र खरं उत्तर द्यायचं असं ठरवलं.

एरवी आमची उत्तरं ठरलेली असतात. पहिल्या प्रश्नाला 'गमनक्के बंदिल्ल', म्हणजे लक्षात आलेलं नाही. आणि जे लक्षातच आलेलं नाही त्याबद्दलचे पुढचे प्रश्न 'उद्भविसुवुदिल्ल', उद्भवतच नाहीत. या दोन शब्दांवर मी निम्मी नोकरी काढली आहे. पण या खेपेला गुन्हेगार शोधूनच काढायचा होता. मी तालुक्याच्या कार्यालयाला फोन लावला.

"ती खोली आमची नाही," पलीकडचा म्हणाला. "जिल्ह्यानं घेतलीय."

"जिल्ह्यानं म्हणजे कुणी?"

"तुम्हीच की हो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"ते मी कसं सांगू? तुमचं तुम्ही बघा."

मी कार्यालयभर फिरलो. प्रत्येकानं मान हलवली. माझं डोकं चालेना. शेवटी माझ्या टेबलावर माझ्याआधी बसणारे गुरुराजअण्णा आठवले. निवृत्त होऊन मळमड्डीतच असतात, आमच्या मागच्या गल्लीत. जेवणाच्या सुट्टीत स्कूटर काढली. अण्णा कट्ट्यावर बसून लसूण सोलत होते.

"अण्णा, उणकलच्या शाळेतली खोली कुणी अडवून ठेवलीय हो?"

"कुठली? आपलं गोदाम?"

"गोदाम नव्हे, प्रयोगशाळा."

"तेच की रे. ऑफिसातली मोडकी कपाटं ठेवायला जागा नव्हती, तात्पुरती घेतली होती. तुला चार्ज देताना दिली की."

"मला?"

"मग कुणाला? दर मार्चला सही करतोस बघ तू. उणकलचं गोदाम कुलूपबंद व सुरक्षित आहे म्हणून."

उणकलचं गोदाम! त्या कागदावर मी वर्षानुवर्षं सही करत आलोय. ते गोदाम मी कधी बघितलं नव्हतं, पण माझ्या मनात ते पत्र्याचं होतं, बाहेर एक लिंबाचं झाड होतं, आणि माझ्या कारकिर्दीत तिथली टाचणी हललेली नाही याचा मला अभिमानसुद्धा होता. म्हणजे मी घरी बायकोच्या खोलीसाठी हळहळत होतो आणि ऑफिसात तीच खोली बंद असल्याची खात्री देत होतो.

"किल्ली कुठं असेल, अण्णा?" मी क्षीण आवाजात विचारलं.

"तुझ्या खुर्चीमागच्या खिळ्याला. लाल दोरी."

परत आलो. खुर्चीमागं खिळा होता. त्याला किल्ली होती. आणि त्या किल्लीवरच मी रोज सकाळी माझी डब्याची पिशवी अडकवत होतो.

मॅडमकडं धावलो. "मॅडम, आत्ता जाऊन खोली उघडून देतो. मग प्रश्न उद्भवतच नाही."

मॅडमनी चष्मा काढला. "प्रश्न दाखल झाल्यावर कुलपाला हात लावलात तर लपवाछपवी केली म्हणतील. आहे तसं लिहा. सभागृहात काय ठरतंय ते कळेपर्यंत किल्ली तुमच्याजवळ ठेवा."

किल्ली खिशात टाकली आणि उत्तर लिहिलं. श्रीपाद वामन कागलकर, खाली हुद्दा. स्वतःचं नाव लिहिताना इतका घाम मला लग्नाच्या नोंदणीतही फुटला नव्हता.

घरी मंगल आनंदात. तिच्या शाळेत सगळ्यांना कळलं होतं, की आता नाव घेणार. रात्री भाकरी वाढताना मी हळूच विचारलं, "त्या माणसाचं काय करतील गं?"

"काय करायचं ते करू देत. मला विचाराल तर आठवडाभर त्या व्हरांड्यात वाऱ्याला उभा करावा."

"त्यालाही बायको असेल."

"असेल की," मंगल म्हणाली. "ती बिचारी असल्या माणसाबरोबर दिवस कसे काढत असेल कोण जाणे."

जेवण झाल्यावर अंगणात जाऊन आमदारांना फोन लावला. "साहेब, तो नावाचा भाग तेवढा गाळता येईल काय?"

साहेब एकदम हळू आवाजात म्हणाले, "कागलकर, कुणी दम दिला तुम्हाला?"

"नाही हो, तसं काही नाही."

"मला कळतं. आतल्या माणसावर दबाव येतोच. तुम्ही भिऊ नका. मी आता उपप्रश्न पण टाकतो."

"उपप्रश्न नको, साहेब."

"टाकतोच. आणि तुम्ही अक्काला घेऊन बेळगावला या. गॅलरीचे पास काढून ठेवतो. डोळ्यांनी बघा, त्या माणसाची कशी जिरवतो ते."

मंगलनं ठेवणीतली इरकल साडी नेसली आणि आम्ही बसमध्ये बसलो. कित्तूर यायच्या आत सगळं सांगून टाकायचं असं मी ठरवलं होतं. कित्तूर आलं आणि गेलं. मग हिरेबागेवाडीच्या आत सांगायचं ठरवलं. तीही गेली. मंगल खिडकीतून बघत म्हणाली, "तुमच्यामुळं होतंय हो हे सगळं." ते खरंच होतं, म्हणून मी 'हो' म्हणालो.

विधानसौधाच्या, म्हणजे तिथल्या विधानभवनाच्या, दारात मार्शलनं आमच्या पासवरची नावं मोठ्यानं वाचून घेतली, खिसे तपासले, आणि गॅलरीत अवाक्षर बोलायचं नाही अशी ताकीद देऊन आमच्याच मागं उभा राहिला. ती ताकीद ऐकून मला त्या दिवसात पहिल्यांदा बरं वाटलं.

आमच्या प्रश्नाची पाळी आली. मंत्री उभे राहिले. लक्षात आलं आहे, म्हणाले. मंगल सावरून बसली. खोली जिल्हा कार्यालयाच्या ताब्यात आहे, म्हणाले. तिनं मान डोलावली. मग त्यांनी माझं नाव वाचलं. वडिलांच्या नावासकट, सावकाश, एकही अक्षर न चुकता. आमच्या लग्नात भटजींनीसुद्धा ते इतकं स्वच्छ घेतलं नव्हतं.

खाली आमचे आमदार उपप्रश्नाचा कागद उंचावून उभे होते. त्यांनी कागदाकडं बघितलं, मंत्र्यांकडं बघितलं, मग मान वर करून गॅलरीत माझ्याकडं बघितलं. उपप्रश्न विसरले ते. सभापतींनी विचारलं, आणखी काही आहे काय? तेव्हा ते चाचरत म्हणाले, "म्हणजे... किल्ली आत्ता कुठं आहे?"

अधिकाऱ्यांच्या बाकावर आमच्या मॅडम बसल्या होत्या, त्यांची चिठ्ठी मंत्र्यांकडं गेली. मंत्र्यांनी ती वाचली. "त्या कर्मचाऱ्याजवळच आहे."

"मग आजच शाळेला द्या म्हणावं."

"देतील," मंत्री म्हणाले आणि बसले.

मंगल समोरच बघत होती. चेहरा दगड. बोलायची तर बंदी. मी डोळे मिटून घेतले. थोड्या वेळानं जाणवलं, की तिचा हात माझ्या मांडीवर आलाय, तळवा वर करून. मला भरून आलं हो. एवढी अब्रू गेली, पण बायकोनं साथ सोडली नाही. मी माझा हात तिच्या हातात दिला आणि घट्ट दाबला.

तिनं माझा हात उचलला, माझ्याच गुडघ्यावर परत ठेवला आणि आपला रिकामा तळवा पुन्हा पुढं केला.

मला तरीही कळेना. तेव्हा मागचा मार्शल वाकला आणि माझ्या कानात कुजबुजला, "किल्ली द्या की हो कागलकर, सरकारनं सांगितलंय."