चार नंबरचे कपडे

आमच्या दुकानांच्या ओळीत सगळे त्यांना मॅनेजर म्हणायचे, तेही तोंडावर. ते कशाचेच मॅनेजर नव्हते. माझ्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानाला लागून त्यांची लॉन्ड्री होती, लॉन्ड्रीच्या मागे एक खोली आणि खोलीत ते एकटे. पण शहरातल्या फुटबॉल क्लबच्या प्रशिक्षकानं, सचिवांनी आणि अध्यक्षांनी काय करायला हवं होतं, हे ते दर सोमवारी इतक्या अधिकारानं सांगायचे की समोरच्या चष्मेवाल्यानं एकदा त्यांना हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. मी मात्र काकाच म्हणायचे.

मला स्वतःला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. बावीस धडधाकट माणसं दीड तास एका चेंडूमागे धावतात आणि शेवटी शून्य-शून्य, याला खेळ म्हणायचं की शिक्षा? हे मी काकांना विचारलं होतं, आणि त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी आले, कारण त्यांना पत्र टाईप करून हवं होतं.

पत्र क्लबच्या व्यवस्थापनाला. पुढे अशी एकेचाळीस झाली.

काकांचं आणि क्लबचं नातं दुहेरी होतं. एक म्हणजे क्लबचे कपडे धुवायला त्यांच्याकडे यायचे. दर सोमवारी सकाळी नऊला क्लबचा सामानवाला, म्हणजे बूट, चेंडू, कपडे असं सगळं सांभाळणारा माणूस, दोन मोठ्या कॅनव्हासच्या पिशव्या आणून टाकायचा आणि पायरीवर चहा प्यायला बसायचा. आठवड्याभरात काकांच्या दुकानात बसणारा माणूस तो एकच. बाकीची गिऱ्हाइकं कपडे काउंटरवर टाकून, पावती घेऊन पसार.

दुसरं नातं जुनं. काका आणि त्यांचे थोरले भाऊ तीस वर्षं मैदानावर जायचे. पूर्वेकडच्या पायऱ्या, खालून सातवी ओळ, थर्मासमधला चहा, झाकणात एकाला आणि कपात दुसऱ्याला. लग्न दोघांनीही केलं नाही. लॉन्ड्रीही दोघांनीच काढली होती. दादा गेल्यावर काका दोनदा एकटे जाऊन बसले. दुसऱ्या वेळी आपल्या क्लबनं गोल केला, काका ओरडत उजवीकडे वळले, दादांचा हात धरायला, तर तिथं कुणा अनोळखी माणसाची पिशवी ठेवलेली होती. ते तसेच उठून घरी आले. त्याला नऊ वर्षं झाली. मैदान आमच्यापासून चालत बारा मिनिटांवर आहे, पण काकांनी पुन्हा तिकडे पाऊल टाकलं नाही.

ते सामना ऐकायचे, इस्त्रीच्या टेबलावरच्या रेडिओवर. गोल झाला की आधी मैदानातला ओरडा छपरांवरून आमच्यापर्यंत यायचा आणि मग काही क्षणांनी रेडिओवाला सांगायचा. त्या मधल्या वेळात काका इस्त्री वर धरून उभे असायचे. अलीकडे ओरडा फारसा यायचाच नाही. क्लब तळाला होता आणि मोसम संपता संपता खालच्या गटात ढकलला जाणार अशी लक्षणं होती.

खरा सामना ते सोमवारी बघायचे. पिशव्या रिकाम्या करून कपडे नंबरानुसार फरशीवर मांडायचे, चष्मा चढवायचे आणि एकेक उचलून न्याहाळायचे. कुणाच्या चड्डीला कुठल्या बाजूनं माती, कुणाची कॉलर ताणलेली, कुणाच्या बाहीला गवताचा हिरवा ओरखडा. आमच्या मधली भिंत प्लायवूडची, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. "काय रे पाच, फक्त पाठीला माती? आडवा पडून आकाश बघत होतास?" "नऊसाहेब, कप्तान ना तुम्ही? बाहीवर चहा सांडलाय तेवढाच काय तो डाग." गोलकीपरच्या कोपरांची ते चौकशी करायचे, घरच्या माणसाची करावी तशी. मला आधी हसू यायचं. मग लक्षात आलं की सोमवार सोडला तर भिंतीपलीकडून बोलण्याचा आवाज येत नाही. तेव्हापासून सोमवारी मी माझा पंखा हळू ठेवू लागले.

पत्रं याच वाचनातून यायची. काका स्टुलावर बसून सांगायचे, मी टाईप करायचे. दोन वर्षांत चार प्रशिक्षक बदलले, पाचवा कोणत्या खुंटीला टांगून ठेवलाय? चांगला गोलकीपर ऐन मोसमात विकला आणि ज्याचा खांदा दुखतो त्याला उभं केलं, हे कुणाच्या डोक्यातून निघालं? अध्यक्षांच्या कक्षात नव्या खुर्च्या आल्या, मैदानात मात्र खडे. ते चड्डीच्या दुमडीत, मोज्यांत सापडतात, सोबत पुडीत पाठवत आहे. क्लबचं बोधचिन्ह तिसऱ्यांदा बदललं, नवं चिन्ह इस्त्रीला चिकटतं, हे छापण्याआधी कुणी धुऊन पाहिलं होतं का? या शेवटच्या पत्राला तर मी मनापासून दाद दिली. मला खेळ कळत नसला तरी मूर्खपणा कळतो.

प्रत्येक पत्राला एकच छापील कार्ड यायचं. 'आपले पत्र मिळाले. आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो.' काका ती कार्डं बिस्किटांच्या डब्यात ठेवायचे. क्लब त्यांच्या पत्रांना केराची टोपली दाखवतो हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं, पण काकांना वाटायचं, एक दिवस कुणीतरी नीट वाचेल. बाकी काही नको होतं त्यांना. आपलं एकदा ऐकलं जावं, एवढंच.

मीच एकदा चिडून म्हटलं, "काका, नुसत्या सहीला कोण विचारतं? दुकानाचा शिक्का मारा. शिक्क्याशिवाय ऑफिसात कुणी कागद हातात धरत नाही." तेव्हापासून सहीखाली लॉन्ड्रीचा गोल जांभळा शिक्का जाऊ लागला.

चार नंबरचा खेळाडू आला त्यालाही दीड-दोन वर्षं झाली असतील. बचावफळीतला, बाहेरगावचा. त्याच्याबद्दल काकांचं मत पहिल्या महिन्यातच वाईट झालं, कारण त्याचे कपडे स्वच्छ यायचे. ओले यायचे, पण पिशवीत कोंबलेले सगळेच कपडे ओले असतात. माती मात्र नाही, गवत नाही, घामाचा वाससुद्धा नाही. "धावला तर वास येईल ना!" काका कपडा नाकाशी नेऊन म्हणायचे. रेडिओवाला मात्र चार नंबरचं नाव दर पाच मिनिटांनी घ्यायचा. चेंडू अडवला, परत अडवला, पुन्हा अडवला. "भाचा असेल त्याचा," म्हणून काका रेडिओवाल्यालाच नावं ठेवायचे. "हा काहीही बोलेल, ताई. कपडा काही पदरचं सांगत नाही."

लागोपाठ सहावा सामना हरल्यावर काका तिरीमिरीत आले आणि एकेचाळीसावं पत्र सांगू लागले. विषय एकच, चार नंबर. हा अंगचोर आहे, याला काढा. सांगता सांगता त्यांना शब्द अडला, तेव्हा मी एक वाक्य स्वतःच्या मनानं घातलं. 'ज्याच्या गुडघ्याला कधी माती लागली नाही, त्याला आमच्या क्लबचा शर्ट घालण्याचा हक्क नाही.' वाचून दाखवलं तेव्हा काका खूश होऊन म्हणाले, "ताई, तुम्ही लेखक व्हायला हवं होतं." मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

आठ दिवसांनी क्लबच्या सचिवांचा फोन आला. आजवर कधी न आलेला. आपल्या सूचनेची दखल घेतली आहे, म्हणाले. आणि त्या रविवारी, सामन्याच्या आधी, रेडिओवर जाहीर झालं की जुन्याजाणत्या समर्थकांच्या भावनांचा मान राखून क्लब चार नंबरला मुक्त करत आहे, हा त्याचा शेवटचा सामना. सामना आपण हरलोच, पण काकांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी ओळीतल्या सगळ्या दुकानांत चहा पाठवला. माझ्याकडून पत्राच्या दहा प्रती काढून घेतल्या, एक स्वतःच्या काचेला चिकटवली. चष्मेवाला म्हणाला, "झालात की खरोखरचे मॅनेजर!" काका लाजले. साठी उलटलेला माणूस इतका लाजलेला मी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सोमवार. सामानवाला पिशव्या टाकून पायरीवर बसला. थोड्या वेळानं काकांची हाक आली, "ताई, या, या! गंमत बघा!"

मी गेले. काकांनी चार नंबरची चड्डी दोन्ही हातांनी उंच धरली होती. कमरेपर्यंत चिखल वाळून कडक झाला होता. शर्टाची कॉलर घामानं काळी, उजव्या मोज्यावर रक्त, मोज्यात दोन खडे.

"पाहिलंत? पत्राची धास्ती! शेवटच्या दिवशी का होईना, धावला पठ्ठ्या."

सामानवाल्यानं कप खाली ठेवला. "काका, तो रोजच असा धावायचा."

"मग माती जायची कुठं?"

"नळाखाली. सामना संपला की बाकीचे अंघोळीला जायचे, हा आधी कपडे चोळत बसायचा. साबण स्वतःचा आणायचा. सगळे हसायचे त्याला." त्यानं काकांकडे पाहिलं. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

काकांनी चड्डी खाली घेतली, पण हातातून सोडली नाही.

"नवा आला तेव्हा त्यानं विचारलं होतं मला, आपले कपडे धुतं कोण? मी म्हटलं, एक वयस्कर काका आहेत, एकटेच असतात. त्याची आई लोकांची धुणी करायची म्हणे. थंडीत हात फुटायचे तिचे. तेव्हापासून हा आपले कपडे चिखलाचे पाठवतच नव्हता."

मी मध्येच विचारलं, "मग या वेळी का नाही धुतले? वेळ दिला नसेल त्याला." खरं तर मला तेच ऐकायचं होतं.

सामानवाला माझ्याकडे बघेना. "वेळ होता. सचिवांनी ते पत्र कपडे बदलायच्या खोलीत लावलं होतं, मोठं करून. त्यानं दोनदा वाचलं. खाली तुमचा शिक्का होता ना. मग त्यानं कपडे काढले आणि तसेच पिशवीत टाकले."

काकांनी मोज्यातले दोन खडे काढून तळहातावर घेतले.

मग सामानवाल्यानं उरलेलंही सांगितलं. मैदानातले खडे काढा म्हणून चार नंबर वार्ताहरांसमोर बोलला होता, तेव्हापासून तो व्यवस्थापनाच्या डोळ्यांत खुपत होता. त्यांना निमित्त हवं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे काकांनी पुडीत बांधून पाठवलेले खडे कुणी बघितले नाहीत, आणि जो माणूस तेच म्हणत होता त्याला काकांच्याच पत्रानं घालवलं!

"तुमच्या खांद्यावर बंदूक ठेवली हो त्यांनी," मी म्हटलं. "यात तुमचा काय दोष?"

"लिहिलं तर मीच ना, ताई."

"ते वाक्य माझं होतं."

"सही माझी होती," काका म्हणाले, आणि आत गेले.

त्या सोमवारी पाच नंबरला कुणी रागावलं नाही. गोलकीपरच्या कोपरांची चौकशी झाली नाही. यंत्रही लागलं नाही. भिंतीपलीकडून फक्त नळाचा आणि हातानं कपडा चोळल्याचा आवाज येत होता, तो दुपारपर्यंत चालू होता. मी पंखा बंदच केला होता. काचेवरची प्रत त्यांनी कधी काढली ते मला कळलं नाही. संध्याकाळी शटर ओढताना बघितलं तर तिथं चिकटपट्टीचे चार तुकडे उरले होते. चष्मेवाला सवयीनं "काय मॅनेजर!" म्हणाला. काकांनी वळून पाहिलं नाही.

बुधवारी ते माझ्याकडे आले. स्टूल ओढून बसले.

"एक पत्र आहे."

मला वाटलं, आता व्यवस्थापनाची खैर नाही, आणि माझ्याकडे वाक्यं तयार होती. "सचिवांना?"

"नाही. त्याला."

खिशातून त्यांनी एक चिठ्ठी काढली. सामानवाल्यानं चार नंबरचं नाव आणि नव्या क्लबचा पत्ता लिहून दिला होता. काकांनी नाव दोनदा वाचलं. इतके दिवस त्याचे कपडे धुतले आणि नाव कधी विचारलं नाही, म्हणाले. मग डोळे मिटून, शब्द शब्द मोजून सांगितलं, "आपले कपडे मिळाले."

मी टाईप केलं आणि वाट बघत राहिले. एक गिऱ्हाईक कागद घेऊन दारात आलं, त्याला मी हातानंच थांबवलं. काका फरशीकडे बघत होते. एकेचाळीस पत्रं या माणसानं मला न थांबता सांगितली होती, माझी बोटं दुखून यायची. आता पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"पुढे?" मी हळूच विचारलं.

"पुढे काय लिहितात, ताई?"

दुसऱ्याच्या पत्रात वाक्यं घालणारी मी, माझ्या डोक्यात एक शब्द येईना. मला रडू येत होतं आणि गिऱ्हाईक दारात उभं होतं.

शेवटी तेवढ्याच एका ओळीचा कागद मी काढून दिला. काकांनी त्यावर सही केली. सवयीनं त्यांचा हात खिशात गेला आणि शिक्क्याची डबी बाहेर आली. ती टेबलावर ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मारू का?"

"नको, काका," मी म्हटलं.