पॅनलखालचं गवत

आमच्या गायरानावर सरकारनं सोलर आणलं तवा सगळ्यात मोठ्यानं टाळ्या मीच वाजवल्या. शेतकऱ्याच्या पंपाला दिवसा लाईट मिळणार, असं माइकवर सांगितलं. आमच्याकडं ना शेत, ना पंप. तरी वाजवल्या. सगळे वाजवत व्हते, मी मागं कशाला राहू?

आमच्याकडं व्हती मेंढरं, बापाची. त्याच गायरानावर चरायची, कारण वाळूजच्या बाजूला सगळं प्लॉटिंग पडलेलं. मंग गायरानाला बी तारेचं कुंपण पडलं, आन् मला आत काम लागलं. पॅनल धुवायचं. शाळेचं तोंड बघितलं नाय आन् डोक्यावर हेल्मेट आलं. पहिल्या दिवशी ऐटीत घरी गेलो तर आमचंच कुत्रं अंगावर आलं.

बा म्हणला, "त्याचं बराबर हाय. चोरच दिसतुस."

त्या साली पाऊस झालाच नाय. गावाला टँकर कधी यायचा, कधी नाय. सोलरला मातर रोज यायचा, काचेवर धूळ बसली की लाईट कमी निघती म्हणून. ऊन चढायच्या आत धुवायचं. तापल्या काचेवर पाणी मारलं तर तडकती. ते पाणी गळून पॅनलखाली गवत आलं. साऱ्या शिवारात तेवढंच हिरवं, आन् कुंपणाबाहेर बापाची मेंढरं तारेला तोंड लावून उभी. गाभण मेंढ्यांच्या बरगड्या वर आलेल्या.

"साहेबाला इचार," बा म्हणला. "सकाळच्याला जरा आत सोड म्हणावं. एवढं गवत मिळालं तर मेंढरं इकायची पाळी येणार नाय."

"मी आत हाय ना बा. काळजीच सोड."

साहेब म्हणजे पोरगंच, शहरातून मोटारसायकलवर यायचं. वाटंत मी सगळं बोलणं पाठ केलं. समोर गेलो आन् तोंडातून निघालं, "साहेब, मेंढरं लई हुशार असत्यात." तो हसला. मी बी हसलो. पाठ केलेलं सगळं त्यातच गेलं.

"मामा, वायरी कुरतडल्या तर माझी नोकरी जाईल. कापलेलं गवत पाहिजे तर न्या."

मंग मी कापून पेंढ्या तारेवरून फेकायचो. मेंढरं तुटून पडायची. बरं चाललं व्हतं. तेवढ्यात वरून हुकूम आला, कापायला लई टाइम जातो, तणनाशक मारा. फवारायचा पंप माझ्याच पाठीवर दिला. बा बाहेर उभा व्हता.

"बा, मेंढरं लांब घे. औषध हाय."

"तूच मारतुस?"

"व्हय."

त्यानं काठीनं मेंढरं मागं सारली. मंग म्हणला, "तोंडाला फडकं बांध."

पुढच्या बाजाराला त्यानं सगळी मेंढरं इकली. घरी आला ते काठी आन् कुत्रं घेऊन. मी म्हणलो, "बा, आता तू बी रिटायर." कुणी हसलं नाय. मला बी हसू आलं नाय.

नंतर सोलरवर दोन पांढरे कंटेनर आले. आत बॅटऱ्या, ऊन साठवायला म्हणं. त्यांना एसी बी हाय. घरच्या पत्र्याखाली घाम पुशीत मी बापाला हे कवतिकानं सांगितलं.

"ऊन तर लई हाय रं," बा म्हणला. "ते कशाला साठवत्यात?"

मला काय सांगता येतंय? म्हणलो, सरकारला आवडत असंल.

पुढं पाऊस बरा झाला, गवत गुडघ्याला लागलं. साहेब म्हणला, "मामा, वरून आलंय, आता गवताला मेंढ्या लावायच्या. खर्च वाचतो म्हणे. तुमच्या ओळखीत कुणाकडे आहेत का?"

मी हेल्मेट काढलं, परत घातलं. "नाय साहेब."

दुसऱ्या गावचा माणूस मेंढरं घेऊन आत आला. सकाळीच बा कुंपणापाशी येऊन उभा. त्यानं सवयीनं हाळी दिली. एकीनं बी मान वर केली नाय. आमचं कुत्रं तेवढं कान टवकारून त्याच्याकडं बघत राहिलं.

मी आतून जवळ गेलो. बा म्हणला, "जा, त्या माणसाला इचार, पाणी पाजलं का."

गेलो, इचारलं. पाजलं व्हतं. पॅनल धुवायच्याच टाकीतलं.