कानामागे टाकलेला आवाज

मी शाळेत मराठी शिकवते. दुर्लक्ष करणे याला समानार्थी शब्द विचारले की आठवीच्या मुली डोळेझाक, कानाडोळा, उपेक्षा असं सांगत जातात. झटकून टाकणे, मनावर न घेणे, कानामागे टाकणे ही भर मी घालते. त्या वर्षी हे फळ्यावर लिहीत होते, तेव्हा माझा आवाज इतका घोगरा झाला होता की मागच्या बाकांवर ऐकूच जात नव्हता.

बोरगाव मेघेत आमच्या कोपऱ्यावर एक भाजीवाली बसते. अल्लीपूरकडून येते, घरच्या शेतातली भाजी आणते. पहिल्यांदा तिनेच विचारलं, "मॅडम, तुमचा आवाज काऊन बसून राह्यला?"

"खडूची धूळ. होईल बरा."

पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा विचारलं. मी हसून वांगी निवडत राहिले. तिसऱ्यांदा मात्र चिडले. "तुम्ही भाजी द्या, डॉक्टरकी नको."

शेजारच्या बाया हसल्या. तिने माझी रिकामी पिशवी माझ्या हातात दिली. "आज भाजी देत नाई तुमाले. पहिले डॉक्टरले दाखवून या."

रागाने घरी आले. राग उतरला तशी भीती वाटू लागली. दुसऱ्या दिवशी रजा टाकून दवाखाना गाठला. स्वरयंत्रावर गाठ निघाली. "वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाले, "आणखी थांबला असतात तर कठीण होतं." गाठ काढली. पंधरा दिवस तोंड उघडायचं नाही, अशी ताकीद मिळाली.

त्या पंधरा दिवसांत एका दुपारी ती मेथीच्या दोन जुड्या घेऊन घरी आली. मला बोलता येत नव्हतं, मग तीच बोलली. तिच्या नवऱ्याचाही आवाज असाच बसला होता. "मीच म्हनलं त्याले, नाटकं नको करू. दवाखान्यात नेलं तवा लय उशीर झालता." कोपऱ्यावर चार लोकांपुढे हे कसं सांगणार, म्हणून तिने पिशवी परत केली होती.

मी वहीत लिहिलं, 'तुमच्यामुळे मी वाचले.' तिला वाचता येत नाही. माझ्या मुलीने ते वाचून दाखवलं. तिने पदराने डोळे पुसले, आणि पाचची बस चुकेल म्हणून चहा बशीत ओतून घाईघाईने प्याली.