आत्या पाणी घेत नव्हत्या

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही मेंढरांमागं हिंडलेलं. इनामगावच्या शिवारात घरं बांधून सगळे शेतीला लागले, त्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. कोकणाच्या वाटेवर असताना त्यांनी पुण्याचे दिवे लांबून पाहिले होते. कळप घेऊन शहरात शिरता यायचं नाही, म्हणून पुणं तेवढंच राहिलं.

त्या वर्षी मे महिन्यात माझी थोरली मुलगी चौथीतून पाचवीत गेली होती आणि धाकटी अजून कडेवर होती. ह्यांना रांजणगावच्या कंपनीत रविवारची सुट्टी असायची. तो रविवार धरून पुण्याला जायचं ठरलं. आधी बागेतले प्राणी, मग पेठेत हिंडणं, आइस्क्रीम आणि संध्याकाळच्या एसटीनं परत. बेत सगळा माझा. मी दौंडच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेली, पुण्याला सारखी जाऊन-येऊन असायचे. आपल्या माणसांना आपण शहर दाखवायचं, याची मला फार हौस.

आत्या आधी नकोच म्हणाल्या. म्हशीचं कोण बघंल, ऊन लई हाय, अशी एकेक कारणं सांगू लागल्या. पोरी तुमच्याशिवाय यायच्या नाहीत, असं म्हणून मी त्यांना गळ घातली. ते खोटं नव्हतं. पण त्या आल्या तर धाकटीला घेतील आणि माझे हात मोकळे राहतील, हेही माझ्या मनात होतं.

शिरूरच्या डेपोतून सकाळची गाडी मिळाली. आत्या ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसल्या होत्या. मी बाटली पुढं केली की त्या हातानंच नको म्हणायच्या, नातीला मात्र घोट-घोट पाजायच्या. पुण्याच्या स्टँडवर उतरल्यावर मी त्यांना बायकांच्या संडासाकडं नेलं. दारापर्यंत पाणी साचलेलं, एका दाराला कडी नाही, पुढं रांग. आत्यांनी वाकून आत पाहिलं, लुगडं वर धरलं आणि मागं फिरल्या. मला न्हाई लागली, म्हणाल्या. मला बरंच वाटलं. वेळ वाचला.

बागेत सुट्टीची गर्दी होती. थोरली पिंजऱ्यांवरच्या पाट्या मोठ्यानं वाचत पुढं पळायची, तिच्यामागं हे. धाकटीला घेऊन आत्या मागं पडू लागल्या. दोनदा त्या झाडाला हात लावून थांबल्या, ते मी पाहिलं. मला वाटलं, चालायला कंटाळल्या. मेंढरांमागं घाट उतरलेल्या बाईला सपाट रस्त्यावर चालणं का जमू नये, असंही वाटलं.

"आत्या, जरा पाय उचला की," मी म्हणाले. "वाघ बघायचा राहिलाय अजून."

आवाज चढलाच होता. शेजारच्या बायकांनी वळून पाहिलं. आत्या फक्त "व्हय, आले," म्हणाल्या.

थोड्या वेळानं थोरलीनं माझा पदर ओढून मागं बोट दाखवलं. आत्यांनी धाकटीला आधी कट्ट्यावर नीट बसवलं होतं, तिचा फ्रॉक सारखा केला होता, आणि मग त्या स्वतः कट्ट्याला टेकून खाली घसरल्या होत्या. डोळे उघडे होते, पण नजर कुठंच नव्हती.

रिक्षातून जवळच्या एका लहान दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बाईंनी जीभ पाहिली, हाताची कातडी चिमटीत धरून पाहिली आणि सलाईन लावलं. आत्या जरा भानावर आल्यावर डॉक्टरीण बाईंनी विचारलं, शेवटचं पाणी कधी प्यायलात? आत्यांनी मुलाकडं पाहिलं आणि तोंडावर पदर ओढला. ह्यांना बाहेर पाठवल्यावर मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"काल दिस मावळायच्या आत," त्या म्हणाल्या. "शहरात बाईमाणसानं बसायचं कुठं, पोरी? प्यायलेच न्हाई तर लागायचंच न्हाई."

मी तिथंच स्टुलावर बसले. लग्न होऊन वस्तीवर आले तेव्हा माझं नेमकं हेच झालं होतं. क्वार्टरात दाराला कडी असलेला संडास होता, आणि इथं उघडं रान. पहिले काही दिवस मी तांब्याला हातच लावत नव्हते. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, आत्यांच्या आलं. न बोलता त्या मला पहाटे उठवायच्या, ओढ्याकडं न्यायच्या आणि पाठ करून उभ्या राहायच्या. कुणी येताना दिसलं तर खोकायच्या. मी सरावेपर्यंत त्यांनी हे केलं. तेव्हा त्यांनी मला एक शब्द विचारला नव्हता. मला तर सकाळपासून डोळ्यांसमोर दिसत होतं.

त्या दिवशी त्या खोलीत प्रत्येकाला आपलंच चुकलं असं वाटत होतं. शेवटचं पाणी मीच प्यायले म्हणून थोरली रडत होती. माझी आई असून मला कळलं न्हाई, असं हे भिंतीकडं बघत पुटपुटले. आणि आत्या, हाताला सुई टोचलेली असताना, सारखं एकच म्हणत होत्या की पोरींचा दिस म्या घालवला. मी तुम्हाला ओरडले, ते चुकलं, एवढं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात नर्स आली आणि ते राहिलं ते राहिलंच.

संध्याकाळी सोडलं, पण एसटीचे धक्के नकोत, असं डॉक्टरीण बाई म्हणाल्या. मग आम्ही दौंडची पॅसेंजर धरली आणि माझ्या माहेरी गेलो. माझ्या आईनं काय झालं ते विचारलंही नाही. आत्यांचा हात धरून आधी त्यांना मोरीशेजारचा संडास दाखवला, दिवा लावून दिला, आणि मग पाण्याचा तांब्या आणला. आत्या तो उभ्या-उभ्या रिकामा करताना मला बघवेना. मी पोरींची अंथरुणं घालायला गेले.

दिवाळीच्या आत ह्यांनी वस्तीवर संडास बांधला. आत्यांनी बरेच दिवस त्यात सरपण ठेवलं. आपल्यासाठी एवढा खर्च कशाला, हेच त्यांचं म्हणणं. आल्यागेल्याला पुण्याची गोष्ट सांगताना त्या स्वतःलाच हसायच्या: म्हातारीनं वाघ बघू दिला न्हाई पोरींना. मी तेव्हा चुलीपाशी काहीतरी काम काढून बसायचे.

पुढच्या मे महिन्यात पोरींनी पुन्हा हट्ट धरला. तुम्ही जावा, मी म्हस बघते, असं आत्या लगेच म्हणाल्या. या वेळी मी आग्रह केला नाही. त्यांना त्रास नको म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं. पण शिरूरला गाडीत बसले, शेजारची जागा रिकामी दिसली, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. ते वाटलं, हे मी ह्यांनाही कधी सांगितलं नाही.