डाव्या बर्नरचा जेट

पातेल्याचं काळंकुट्ट बूड माझ्या नाकासमोर धरून सुभेदार म्हणाले, "मिस्त्री, रिपोर्ट दे. हे काय हाय?"

"काजळी, साहेब."

"काजळी मलाबी दिसती. कुणामुळं, ते सांग."

मलकापुरातल्या त्या स्वयंपाकघरात मी दोन दिवसांत दुसऱ्यांदा उभा होतो. सुभेदार पलटणीतून रिटायर होऊन आले होते, पण पलटण त्यांच्यातून रिटायर झाली नव्हती. परसातला कोथिंबिरीचा वाफासुद्धा ओळीत उभा असायचा. त्यांच्या मागे त्यांची बायको, म्हणजे घरातल्या आत्याबाई, कपाळाला हात लावून बसल्या होत्या. आणि दारात सून सुशीला. तिचा नवरा फौजेत, लांब सरहद्दीवर.

मी तेव्हा कऱ्हाडला एका गॅस एजन्सीत मेकॅनिक होतो. सत्तर सालानंतर आमच्या भागात घरगुती गॅस हळूहळू येत होता. त्या गल्लीत पहिला गॅस सुभेदारांचा. सिलिंडर आला त्या दिवशी त्यांनी त्याला हार घातला होता.

सुशीलाला मात्र हारापेक्षा वेळेचं पडलं होतं. ती त्या वर्षी बाहेरून मॅट्रिकला बसणार होती. पास झाली तर गावात निघणाऱ्या बालवाडीत तिला घेणार होते. धाकट्या दिराचा साखर कारखान्याच्या पहिल्या पाळीचा डबा सकाळी लवकर लागायचा. चुलीवर त्याला चारपासून खटाटोप. गॅसवर साडेपाचला सुरू केलं तरी जमायचं. मधला दीड तास तिचा आणि पुस्तकांचा. सुभेदारांनी तिला परवानगी दिली होती ती या हिशोबावर.

आता थोडं जेटविषयी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. शेगडीत प्रत्येक बर्नरच्या मागे पितळेचा एक बारका खिळ्यासारखा भाग असतो. त्याला मधोमध भोक. गॅस त्यातून जोरात निघतो, वाटेत हवा ओढून घेतो आणि वर निळा जळतो. भोक ठरल्या मापाचं लागतं. मोठं झालं की गॅस जास्त, हवा कमी. ज्योत पिवळी होते, भांडी काळी पडतात, आणि ज्योत कुठवर उठेल ते सांगता येत नाही. सुई घालून जेट साफ करू नका असं आम्ही बायकांना बजावून सांगायचो, कारण पितळ मऊ असतं आणि सुईनं भोक वाढतं.

आता माझं. एजन्सीच्या सुट्टीच्या दिवशी मी उंब्रज, कुंडलकडे गोबर गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचो. एजन्सीच्या शेठना ते चालणार नव्हतं. "बाहेरचं काम करताना दिसलास तर दुसऱ्या दिवशी येऊ नकोस," असं त्यांनी सरळ सांगितलं होतं. गोबर गॅसला जोर कमी, म्हणून त्याच्या जेटचं भोक मोठं. आपल्या सिलिंडरच्या जेटचं भोक खसखशीएवढं धरलं, तर त्याचं मोहरीएवढं. सांगलीचा एक लेथवाला ते जेट बनवून द्यायचा. आटे त्यानं दोन्हीला सारखेच पाडलेले, त्यामुळे कुठलाही जेट कुठेही बसायचा. आणि मी शहाणा माणूस, दोन्ही प्रकार एकाच पत्र्याच्या डबीत ठेवायचो.

दोन दिवसांपूर्वी तक्रार होती की डावा बर्नर मंद जळतो. जेट तुंबला होता. मी काढला, डबीतून दुसरा काढून बसवला. आत्याबाईंनी त्याच वेळी शेंगदाण्याच्या लाडवांची ताटली पुढे केली. माझं लक्ष कुठे होतं हे सांगायची गरज नाही. बसवल्यावर पेटवून बघायचं असतं. पण सिलिंडर नेमका तेवढ्यात संपला. "उद्या नवीन येईल, मग बघा कसा जळतोय," असं म्हणून मी तिसरा लाडू उचलला आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी नवा सिलिंडर लागला. सुशीलानं डावा बर्नर पेटवला, तर फूटभर पिवळी ज्योत. ती पटकन मागे सरली म्हणून पदर वाचला. तिनं बटण बंद केलं. पण सुभेदारांनी मिजाशीत "असंच असतंय नवीन सिलिंडरचं" म्हणून परत पेटवायला लावून चहा करवला. त्या चहाचं पातेलं आता माझ्या नाकासमोर होतं.

मी आधी रेग्युलेटर बंद केला, खिडकी उघडली. रबरी नळीच्या दोन्ही टोकांना साबणाचा फेस लावला. बुडबुडा आला तर गळती. काडी ओढून गळती शोधणारे शहाणेही मी पाहिले आहेत. बुडबुडा नव्हता. बर्नर उचलला, जेट काढून उजेडात धरला.

मोहरी.

गोबर गॅसचा जेट, माझ्याच डबीतला. खरं बोललो तर प्रश्न येणार, असला जेट तुझ्याकडे आलाच कुठून? सुभेदार तो प्रश्न थेट शेठना विचारणार. खिडकीच्या कट्ट्यावर दोऱ्याच्या रिळात गोधडीची सुई टोचून ठेवलेली होती. माझी नजर तिच्यावर गेली आणि तोंड आपोआप बोललं.

"साहेब, कुणीतरी जेटमध्ये सुई घातली."

सुभेदार गर्रकन वळले. "सुशीला!"

"मामंजी, सुई माझी हाय," ती म्हणाली. "पर शेगडीला म्या लावली न्हाई. गोधडी शिवत होते."

"मग काय भुतानं घातली व्हय गं?"

सुशीला माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. "दादा, तो जेट इकडं द्या. हीच सुई त्यात घालून बघू. सुईनं भोक पाडलं आसंल तर सुई बसंल तरी नीट."

मोहरीएवढ्या भोकात ती सुई घंटेतल्या लोलकासारखी हलली असती. जेट माझ्या मुठीत होता.

"मोरीत पडला, वहिनी," मी म्हणालो. "गेला वाहून."

"आत्ता तर हातात हुता!"

"बास!" सुभेदार म्हणाले. कोर्ट उठलं.

मी बरोबर मापाचा जेट बसवला, पेटवला. ज्योत निळी, टोकदार. सुभेदारांनी माझी पाठ थोपटली. "बघ, याला म्हणत्यात जाणकार माणूस!" मग निकाल सांगितला. गॅसचा चार्ज सुनेकडून काढला. रोज सकाळी फिरून आल्यावर, सहा वाजता, ते स्वतः पेटवणार; डब्याला तोवर उशीर व्हायचा. शेगडीच्या मागे लाकडी खोकं, त्यात सिलिंडर, खोक्याला कुलूप. आणि घरातल्या सगळ्या सुया जमा.

सुया खरंच जमा झाल्या. आठवडाभरानं आत्याबाई मला बाजारात भेटल्या, तेव्हा त्यांना हसावं की रडावं कळत नव्हतं. "मिस्त्री, परकराची नाडी ववायला सेफ्टी पिन पायजे तर ह्यांच्याकडं अर्ज करावा लागतोय बघा. कशाला पायजे, किती येळ, परत कवा देणार! गोधडी अर्धीच पडलीया. आन् पोरगी चारला उठून चूल फुकतीया. पुस्तक कवा वाचणार ती?"

शेवटचं वाक्य मला घरी येऊनही सोडेना. दोन दिवसांनी मी मलकापूरला गेलो. खरं सांगायची मनात पूर्ण तयारी होती. जेट खिशात होता. सुभेदार झोपाळ्यावर बसले होते, सुशीला दारात तांदूळ निवडत होती.

"साहेब, ते जेटचं... कधी कधी जेटच सदोष निघतो. आमच्याकडूनसुद्धा चूक होऊ शकते."

सुभेदारांनी माझ्याकडे मायेनं पाहिलं. "गड्या, तू माणूस चांगला हायस. सुनेला वाचवायला बघतूयास. मी चाळीस जवान सांभाळल्यात, मला कळतंय."

खिशात हात होता. बाहेर काढायचा तेवढा राहिला.

दारातून आवाज आला, "दादा, नीट बोला की. लय हळू बोलताय."

एवढंच. आणि मी चहा घेतला, पुन्हा ये म्हणाले त्याला होय म्हणालो, आणि सायकलवर बसलो.

दिवाळीपर्यंत सुभेदारांना रोज काड्या ओढायचा कंटाळा आला आणि कुलूप निघालं. पण परीक्षा मार्चमध्ये होऊन गेली होती. सुशीला गणितात गेली. पुढच्या वर्षी पास झाली, चांगल्या मार्कांनी. बालवाडीची जागा तोवर भरली होती.

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या घरी लग्न होतं. मला मानानं बोलावलं. जेवणाच्या पंगतीत सुशीलाबाईंच्या नातवानं पाहुण्यांना सांगितलं, "आमच्या आजीनं गॅसमध्ये सुई घातलेली! ह्या आजोबांनी पकडली!" सगळे हसले. सुशीलाबाई वाढत होत्या. त्यांनी माझ्या पानात जिलेबी वाढली आणि पुढे गेल्या. मीही हसलो होतो.

म्हणून हे लिहितो आहे, हळू नाही, नीट. सुशीलाबाईंनी सुई घातली नव्हती. डाव्या बर्नरचा जेट गोबर गॅसचा होता, तो मी माझ्या डबीतून बसवला, आणि तो मोरीत कधीच पडला नाही. हे छापून येईल तो अंक मी त्यांच्या घरी पाठवणार आहे, नातवाच्या नावानं.

त्या प्रकरणानंतर मी एक नियम धरला. काढलेला पार्ट आधी गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचा, नवा त्याच्यासमोर शेजारी धरून दाखवायचा, मगच बसवायचा. पुढे माझ्या हाताखाली जे मेकॅनिक आले त्यांनाही मी हेच शिकवलं. शेठ नव्या माणसांना सांगायचे, प्रामाणिकपणा शिकायचा तर यांच्याकडून शिका. मी मान डोलवायचो.