भिंतींना पाणी पाजणारे काका

आमच्या लेआउटमध्ये अशी एकही भिंत नाही, जिला आमच्या शेजारच्या काकांनी पाणी पाजलेलं नाही. मला फुगवून सांगायची सवय नाही, म्हणून हिशेब देतो. एकूण घरं बावीस. त्यांतल्या एकोणीस घरांना काकांनी पाणी मारताना मी स्वतः पाहिलं आहे. दोन घरं मी बदलीवर वणीला असताना उठली, आणि एक काकांचं स्वतःचंच, ते माझ्या येण्याआधीचं. पण ती तीन घरं कोरडी राहिली असतील, असं मी शपथेवर सांगणार नाही.

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना, गावाबाहेर तुरीच्या शेतात प्लॉट पाडून हे लेआउट झालं. काका तेव्हा हायस्कुलातून पीटीचे मास्तर म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी आधी विहीर खोदली, मग घर बांधलं, आणि स्वतःचं घर संपल्यावर त्यांना चैन पडेना. रोज सकाळी खाकी हाफपँट, बनियन, गळ्यात शाळेतली शिट्टी आणि खांद्यावर काळ्या पाइपाचं वेटोळं अशा थाटात ते बाहेर पडत. पाइपाचं दुसरं टोक त्यांच्या विहिरीवरच्या मोटरीला असे. एक शिट्टी वाजली की काकूंनी मोटर सुरू करायची, दोन वाजल्या की बंद. काकू रागावलेल्या असल्या की दोनाच्या चार शिट्ट्या झाल्या तरी पाणी थांबत नसे, आणि काकांच्या घरात काहीतरी बिनसलं आहे हे आम्हाला भिंतीच्या ओलीवरून कळे. लेआउट वाढत गेलं तसा पाइपही वाढत गेला. जोडावर जोड, प्रत्येक जोडाला सायकलच्या ट्यूबची पट्टी.

घर कोणाचं, मालक कोण, हे प्रश्न त्यांना पडतच नसत. माझ्या घराच्या विटा चढत होत्या तेव्हाची गोष्ट. काका येऊन मिस्त्रीसमोर उभे राहिले.

"काय गा मिस्त्री, ह्या भिंतीले आज उपास हाय का?"

"नाही जी सर, सकाळीच मारलं पाणी."

"सकाळी तू बी चहा पेला न? मंग आता काहून पेऊन राह्यला?"

मिस्त्रीनं कप खाली ठेवला आणि काकांनी शिट्टी वाजवली. त्या दिवशी भिंतीबरोबर भिंतीला टेकवून ठेवलेली सिमेंटची दोन पोतीही पोटभर पाणी प्यायली. त्यांचे दगड झाले. एक फेकला, दुसऱ्यावर आमच्याकडे आजही कपडे आपटतात. त्याच्यावर पोत्याची शिवण अजून दिसते. बायकोच्या मते इतका चांगला धुण्याचा दगड विकत मिळाला नसता, आणि हे मलाही मान्य आहे.

बँकेतल्या साहेबांचं प्रकरण जास्त गाजलं. काका चार दिवस लग्नाला गेले होते. परत आले आणि पाहतात तो साहेबांची समोरची भिंत कोरडी ठक्क. त्यांनी वरपासून खालपर्यंत ती न्हाऊ घातली. वास्तुशांतीची सकाळ होती, आणि रंग आदल्या संध्याकाळी दिलेला. पिवळे ओघळ पायरीवर उतरले. साहेब सोवळ्यातच धावत बाहेर आले. काका मात्र शांत.

"रंग वरून हाय, साहेब. आतली भिंत तहानलेलीच होती न!"

तरीही जेवणाच्या पहिल्या पंगतीत काकांना मानानं बसवलं आणि साहेबांनी स्वतः जिलबी वाढली. कारण काकांवर फार वेळ रागावणं कोणाला जमलेलं नाही.

या पाणी मारण्यामागचं कारण मला काकूंनी सांगितलं. त्या दारव्ह्याच्या दाट गल्लीतल्या. तिथं एका घरातली फोडणी दुसऱ्या घरात ठसका लावी, आणि पलीकडून लगेच विचारणा होई, काय केलं व आज? तिथून काकांनी त्यांना या उघड्या माळावर आणलं. चहूकडे तूर, आणि मधे एकच घर. "मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं," काकू म्हणाल्या, "शेजार नसंन तर मी इथं राहात नाही. मले दारव्ह्याले नेऊन घाला. तर म्हणे, थांब, तुले शेजार उगवून देतो." तेव्हापासून ते शेजाराला पाणी घालत होते. भिंत पक्की झाली की माणूस टिकतो, असा त्यांचा सरळ हिशेब होता. दुसरं घर माझं. मी सामान उतरवत होतो तेव्हा काकू फाटकाशी उभ्या राहून आमच्या गाद्यासुद्धा कौतुकानं पाहत होत्या.

चार वर्षांपूर्वी आमच्या दोघांच्या घरांसमोर, रस्त्यापलीकडे, चार प्लॉट एकत्र करून पाच मजली अपार्टमेंट सुरू झालं. वीस फ्लॅट, दोन बोअर. मी कागदावर मांडून पाहिलं. हिवाळ्यात काकांच्या अंगणात दुपारचं ऊन येणार नव्हतं, आणि काकूंच्या मुगवड्या त्याच अंगणात वाळत. आम्ही काही जणांनी नगररचनेच्या कचेरीत जाऊन तोंडी विरोध केला, त्याचं काही झालं नाही. आणि एका सकाळी पाहतो तर काका त्याच इमारतीच्या, पोती गुंडाळलेल्या कॉलमांना पाणी देत उभे.

"काका, हे तुमचं ऊन खाणार आहे!"

"खाऊ दे. वीस घरं येतीन, बापू. तुया काकूले वीस!"

"आणि विहीर?"

त्यांनी अंगठ्यानं पाइपाचं तोंड दाबून फवारा जरा उंच केला.

दुसऱ्या उन्हाळ्यात विहीर आटली. मी तणतणत गेलो, तर काका काठावर बसून आत डोकावत होते. "कुठं गेलं पाणी? समोरच गेलं न," ते म्हणाले. "पेणारे बी माणसंच हायेत." पण आवाज रोजचा नव्हता. टँकरचं पाणी भरताना काकूंचे गुडघे पार गेले. पुण्याहून मुलाचा रोज फोन येऊ लागला, आता तरी या. काका म्हणत, वीसही दारं भरलेली तुझ्या आईला दाखवतो, मग येतो. पण गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली आणि मुलगा गाडी घेऊनच आला. त्या दिवशी समोर सहा फ्लॅट भरले होते. काकूंनी गाडीत बसल्यावर ते सहाही गॅलरीतल्या दोऱ्यांवरच्या कपड्यांवरून मोजले. काका पुढच्या सीटवर बसून उगाच पट्टा ओढत होते. तो त्यांना लावता येत नव्हता, आणि ते कोणाला लावूही देत नव्हते.

आता दर रविवारी फोन येतो. ते आपल्या घराची चौकशी करत नाहीत. "बापू, किती झाले?" एवढंच. मी आकडा सांगतो. नऊ. मग चौदा. मग बरेच आठवडे एकोणीसवरच गाडी अडली. गेल्या रविवारी सांगितलं, "काका, विसावा भरला. तिसऱ्या मजल्यावर पुसदची मंडळी आली आहेत. नवराबायको, लहान लेकरू."

"आयकलं का व!" काका तिकडे ओरडले. "भरले पुरे!"

पलीकडून काकूंचा आवाज आला, "नाव काय म्हणे तिचं?"

आकडा मला ठाऊक होता, नाव नव्हतं. खरं तर विसातलं एकही नव्हतं. इमारत पुरी होऊन इतके दिवस झाले, तिच्या जिन्याला पायऱ्या किती हेही मी पाहिलं नव्हतं.

बुधवारी कचेरीतून आल्यावर मी रस्ता ओलांडला, तिसरा मजला चढलो आणि बेल दाबली. कडेवर लेकरू घेतलेल्या एका मुलीनं दार उघडलं.

"कोण पायजे जी?"

"कोणी नाही. मी समोरच राहतो. आमच्या काकूंनी तुझं नाव विचारलं आहे."

ती जरा बावरली, मग हसली. नाव सांगितलं, लेकराचंही सांगितलं, आणि म्हणाली, "बसा न काका, चहा ठेवते."

रविवारला अजून अवकाश होता. चहा पिऊन निघालो आणि जिन्यातच थांबून पुण्याला फोन लावला.