उषाताईंच्या कानातली गाणी

त्या दिवशी मी भाजी घेऊन घरी आले, तेव्हा माझ्या नणंद उषाताई नेहमीप्रमाणे कानाला हेडफोन लावून कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. दाराकडे पाठ. "ताई, चहा टाकू ना?" मी विचारलं. उत्तर आलं नाही. ते कधीच येत नसे... मी एकटीनंच चहा घेतला, गवार निवडली. मग जरा वैतागूनच त्यांच्या खांद्याला हात लावला, तर मान एका बाजूला कलली. हेडफोन काढले. गाणं चालूच होतं.

डॉक्टर म्हणाले, तुम्ही लगेच पाहिलं असतं तरी उपयोग नव्हता. दीड महिना सगळे मला हेच ऐकवताहेत. पण त्या हेडफोनची गोष्ट त्यांना ठाऊक नाही.

चांदवडच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर ताई गंगापूर रोडला आमच्याकडे राहायला आल्या. लग्न केलं नव्हतं. माझे यजमान, म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, गाण्यांचे वेडे. नव्वदच्या दशकात जमवलेल्या साऱ्या कॅसेट्स त्यांनी कॉम्प्युटरवर उतरवल्या होत्या. हजारो गाणी, गायकांप्रमाणे लावलेली. ताईंनी ती मांडणी मोडीत काढली. "गायक कोण शोधतं रे? मन जसं असेल तसं गाणं हवं असतं माणसाला." मग दोघं कामाला लागले. उदास, शांत, प्रसन्न... एवढ्यानं भागेना. 'पाहुणे गेल्यावर', 'उगीचच' असेही फोल्डर निघाले. एखाद्या गाण्यावरून जुंपली की मला हाक यायची, "मीना, ऐक आणि सांग, काय वाटतं?" मी पदराला हात पुसत ऐकायची, आणि मी म्हणेन ते दोघं मान्य करायचे.

मग हे गेले. तेराव्यानंतर दोन-चार दिवसांनी ताईंच्या खोलीतून गाणं ऐकू आलं. नाचरं, लग्नघरातलं. माझं डोकं फिरलं. दारात उभी राहून ओरडले, "भाऊ गेला तुमचा, आणि तुम्हाला गाणी सुचतात? या घरात पुन्हा गाणं वाजायला नको." ताईंनी गाणं बंद केलं. एवढंच म्हणाल्या, "त्याचं काम अर्धं राहिलंय गं." दुसऱ्या दिवशी त्यांनी हेडफोन आणले.

माझा राग वर्षश्राद्धाच्या आधीच ओसरला होता. कितीदा मनात आलं, म्हणावं, ताई, काढा ते कानातलं, मलाही ऐकू द्या. पण आज-उद्या करत चार वर्षं गेली... त्यांनीही कधी विषय काढला नाही. एकदा जेवताना मात्र म्हणाल्या, "एकटीच्या मनावरून काही गाणी ठरतच नाहीत बघ." मी त्यांना आमटी वाढली.

गेल्या रविवारी मुलानं फोनवर विचारलं, "आई, तो जुना कॉम्प्युटर काढून टाकू का?" नको म्हटलं. त्यालाच विचारून हेडफोनची पिन काढली, स्पीकर जोडले आणि कुठल्याच फोल्डरमध्ये न गेलेल्या, ताईंच्या त्या न ठरलेल्या गाण्यांतलं एक लावलं. आवाज बारीकच ठेवला. शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "तुमच्याकडे गाणं? कित्येक वर्षांनी ऐकलं हो! उषाताईंना फार आवड होती ना?"

"हो," मी म्हणाले, आणि आवाज थोडा वाढवला. आता रोज दुपारी लावते. ताईंच्या कॉटच्या कडेला बसून ऐकते... त्यांच्या खुर्चीत बसायचा धीर मात्र अजून होत नाही.